नर्मदेची ओटी

रथसप्तमीला जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या बायका मिळून नर्मदेची ओटी भरतात. ही प्रथा कोणी सुरू केली, असं नव्या सुना मला विचारतात, कारण मंडळात आता माझ्याएवढी जुनी मीच उरले आहे. मी "होत्या आमच्यातल्या जुन्या बायका" म्हणते आणि तिळगुळाचा डबा पुढे करते. जुन्या बायका कसल्या डोंबलाच्या! एकटीने सुरू केली, माझ्या आत्याने. पण तिचं नाव काढलं की पोरी पुढचं विचारतील, आणि पुढचं सांगायची मला लाज वाटते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आजोबा गेले तेव्हा बाबा शाळेत होते. आत्या तोफगोळ्यांत दारू भरायच्या कारखान्यात कामाला लागली. तिने बाबांना शिकवलं, ते फौजेत निघाले तेव्हा स्टेशनवर पोचवायला गेली, पुढे त्यांचं लग्न लावून दिलं. या सगळ्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. बाबा कायम बाहेर, म्हणून आई आणि मी कारखान्याच्या लाइनीतल्या तिच्याच क्वार्टरमध्ये राहायचो आणि तिच्याच पगारावर जेवायचो.

कारखान्यातल्या त्या दारूच्या मसाल्याने तिचे हात मनगटापर्यंत पिवळे पडलेले असायचे. साबणाने जायचे नाहीत. शेजारची एक काकू हसून म्हणायची, "चला, हात तर पिवळे झाले हिचे, नवरदेव तेवढा राहिला!" आत्याही हसायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती शाळेत फी भरायला आली की मी मैत्रिणींच्या मागे लपायचे.

मग लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, कारखान्याचा भोंगा रात्रंदिवस वाजू लागला आणि बाबांची पत्रं थांबली. आई देवापुढे बसून रडायची. आत्याला रडायला वेळ नव्हता, तिला डबल ड्यूटी होती. एका रविवारी ती एकटीच नर्मदेच्या ग्वारीघाटावर जाऊन आली आणि ओल्या पदराने दारातच म्हणाली, "नवस बोलून आली मी. भाऊ धड परत आला, तर रथसप्तमीला मैयेची ओटी भरीन. माझ्या हातानं, मधल्या धारेत."

लढाई थांबली आणि बाबा सुट्टीवर घरी आले, हातीपायी धड. नवस फेडायची वेळ आली.

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीला संपतं. जबलपुरात तोच दिवस नर्मदा जयंतीचा. आत्याला घरातल्या घरात उरकायचं नव्हतं. "मैयेनं काय माझाच भाऊ राखला? साऱ्या लाइनीचे लोक राखले न तिनं. सगळे मिळून करू." ड्यूटीवरून आली की ती क्वार्टरांचे दरवाजे ठोठावायची, मंडळातल्या मराठी बायकांचे आणि हिंदी, बंगाली, पंजाबी शेजाऱ्यांचेही. कोणी हलव्याचं कबूल केलं, कोणी चुनरीचं, कोणी दिव्यांचं. सदर बाजारातून हिरवा खण आला. नाव तिनेच ठरवली. आणि नर्मदा म्हणून पूजा करायला एक कुमारिका हवी, म्हणून मला परकर-पोलकं शिवलं, तेही तिनेच. लाइनीतली माणसं एवढी एकत्र आलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

घाटावर सगळे जमले. बायका नावेत चढल्या, मला मध्ये बसवलं. शेवटी आत्या नारळाचं ताट घेऊन चढायला लागली, तर मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अहो ताई, तुम्ही काठावरच थांबा न. ओटी सवाशिणींनीच भरायची असते. आणि एवढ्या चपला पडल्या आहेत, त्या कोण पाहील?"

आत्या एक पाय नावेत, एक पायरीवर अशीच थांबली. "नवस माझा आहे न बाई."

"नवस पोचतो हो. हात कोणाचा का असेना."

सगळ्यांनी माझ्या आईकडे पाहिलं. आईचं कुंकू ज्या नवसाने राहिलं असं आईच सगळ्यांना सांगत होती, तो हा नवस. आई म्हणाली, "ताई, असू द्या न आता. चारचौघात काहून वाढवता?" बाबाही तिथेच होते. ते हार आणायच्या निमित्ताने घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले. ज्या बहिणीने स्वतः उपाशी राहून त्यांना जेवू घातलं, तिच्यासाठी त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आज ते नाहीत, तरी त्यांचा मला राग येतो.

आत्याने ताट आईच्या हातात दिलं. "चपला पाहते मी. माझा नारळ तेवढा नीट सोडा."

नाव निघाली तेव्हा एक हिंदी शेजारीण म्हणाली, "अरे, दीदी तो रह गईं."

"हमारे में ऐसा ही है," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मधल्या धारेत ओटी काढली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि वर जोडवी आणि काळी पोत. नर्मदेची गोष्ट मला पाठ होती. लग्न मोडलं म्हणून पाठ फिरवून एकटीच पश्चिमेला निघालेली ही मैया. आत्यानेच सांगितली होती, याच घाटावर बसून, कितीदा तरी.

"मैयेचं तर लग्नच नाही झालं," मी म्हणाले. "मग आत्या काहून चालत नाही?"

आईने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मग कोणीतरी "लेकरू आहे" म्हणून हसलं, सगळ्या हसल्या, आणि आईने आत्याचा नारळ पाण्यात सोडला.

परत आल्यावर काठावर एकेकीने माझे पाय धुतले. सर्वांत शेवटी आत्या आली. तिचे पिवळे हात पुढे आले तसे मी पाय मागे घेतले. या वेळी हातांची लाज नव्हती, लाज माझीच होती. मीही कुमारिका, तीही कुमारिका, आणि पाटावर मी बसले होते.

"मागे नको घेऊ," ती हळूच म्हणाली. "आज तूच माझी मैया."

मी रडायलाच लागले. तिच्या गळ्यात पडून म्हणाले, "मी मोठी झाली की तुला नावेत नेईन. तुझ्याशिवाय मी बसणारच नाही."

"ने बाई," ती म्हणाली.

कार्यक्रम सगळ्यांना फार आवडला आणि दरवर्षी व्हायला लागला. वर्गणी, नाव, हलवा, सगळं आत्याच पाहायची.

पुढे माझं लग्न झालं, सासर जबलपुरातच, मदन महालला. लग्नानंतरच्या पहिल्या रथसप्तमीला मी हिरवी साडी नेसून, हातभर चुडा घालून सासूबाईंबरोबर घाटावर गेले. आत्या तोवर निवृत्त झाली होती आणि तिचे हात चारचौघींसारखे झाले होते. त्या वर्षी तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ती आपणहून खालच्या पायरीवर बसली आणि चपलांच्या जोड्या लावायला लागली. मी जवळ आले तेव्हा तिने मान वर करून पाहिलं. मला आठवत होतं, आणि तिलाही आठवत होतं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"अगं चल, उशीर होतो," सासूबाईंनी नावेतून हाक मारली.

मी चपला काढल्या. खाली ठेवायला वाकले, तर तिने हात पुढे केला, आणि मी त्या तिच्या हातात दिल्या.