डोक्याले न विचारता

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एक काका रोज सकाळी बाकावर बसून तिथल्या कुत्र्याचं पोट खाजवायचे. नाव मी कधी विचारलं नाही. बोटं एका ठरावीक जागी पोचली की कुत्र्याचा मागचा पाय हवेत फटाफट उडायचा.

"खुश होऊन राहिला बेटा," ते म्हणायचे.

मला गप्प बसवत नाही. एकदा म्हणालो, "काका, खुशीचं काही नाही. अंगावर किडा आहे समजून पाय आपोआप झटकते. डोक्याले विचारतच नाही."

त्यांनी यावर गंभीरपणे विचार केला. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "हव. गोळी घेतली. हव, बरा आहे. हव." फोन खिशात ठेवून मला म्हणाले, "माहं 'हव' बी तसंच आहे. डोक्याले विचारत नाही."

मग बरेच दिवस ते दिसले नाहीत. परवा आले. कुत्रा पोट वर करून समोर पडला, पण त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला. मी निघतच होतो.

"बरं आहे ना, काका?"

"हव," ते लगेच म्हणाले.

मी परत बसलो.