हवेचा तज्ज्ञ

सीताबर्डीहून सुटणाऱ्या आठच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. आधी बोट ओलं करून खिडकीबाहेर धरायचा, वारा कुठून येतो ते पाहायचा, आणि मग चेकोस्लोव्हाकियातलं त्याचं विद्यापीठ सुरू व्हायचं. कोळसा कंपनीनं त्याला खाणीत हवा खेळवण्याचं शास्त्र शिकायला तिकडे पाठवलं होतं. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. विद्यापीठाचा इतिहास मात्र पाठ झाला.

"खाणकामाची एवढीशी शाळा होती गा. जर्मनायनं कुलूप लावलं. लढाई संपली तर तिथल्या सरकारनं सारं बिऱ्हाड उचललं अन् कोळशाच्या गावाले नेलं. आता यंत्रं, वीज, सारंच शिकवतात."

आपली कंपनीही काही कमी नव्हती. माणूस हवेचा तज्ज्ञ होऊन परतला, म्हणून तिनं त्याला खाणीत न धाडता मुख्य कचेरीतल्या कूलरांवर नेमलं. वाळ्याच्या ताट्या बदलणं, टाक्यांत पाणी भरून घेणं, अशी उच्च तांत्रिक जबाबदारी.

एकदा मी विचारलं, "साहेबाले सांगत काहून नाही तुम्ही?"

"सहा वर्षांपासून सांगून राहिलो," ओलं बोट परदेशी रुमालाला पुसत तो म्हणाला. "त्याले ऐकू नाही येत गा. कूलर चालू असतो."