मूठभर जुनं बी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून जेवढा हेवा आजवर केला गेला असेल, त्यातला निम्मा मी एकट्याने केला आहे, आणि तो सगळा माझ्या धाकट्या साडूंचा. मी जुन्नरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा, भिंतीवर प्रमाणपत्रं टांगलेला माणूस. साडूंचं मंचरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान, शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. आळे गावात सासऱ्यांच्या घरी हातांची खुर्ची एकच होती आणि थोरला, शिकलेला जावई म्हणून ती माझी होती. पण आमच्या भागात लॅपटॉप आले, वायफाय आलं आणि दोन वर्षांत ती खुर्ची साडूंकडे गेली. मी सतरंजीवर आलो.

त्याचं कारण एकच. लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकलं की वायफाय रुसायचं आणि ते फक्त साडूंचंच ऐकायचं. ते आधी साबणाने हात धुवायचे. मग वैद्यासारखे विचारायचे, "कवापासून? नवं टाकल्यावर, का आदीपासूनच?" मंचरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याने नेट मिळत नाही म्हणून तीन माणसं बोलावली होती. साडूंनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. "शेठ, लोखंडी कपाटाआड बसून तुमी तरी कुणाशी बोलाल का?" म्हणाले आणि मोडेम उचलून खिडकीत ठेवला. ही गोष्ट सासऱ्यांनी मला चार वेळा सांगितली, चारही वेळा खुर्चीकडे बघत.

साडूंचा एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. कुणी नवीन विंडोज टाकणार असं कानावर आलं की हे आधी जाऊन त्या लॅपटॉपचा वायफायचा जुना ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा प्रोग्राम, सीडीवर उतरवून घेत, वर मालकाचं आणि गावाचं नाव लिहीत आणि सीडी डब्यात टाकत. मी हसलो होतो. म्हटलं, नव्यात सगळं असतं. त्यावर म्हणाले, "सर, नवं वाण खुशाल पेरावं, पर जुन्याचं मूठभर बी घरात पायजे." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, याचा मला आठवडाभर राग होता.

एके वर्षी माझा मेहुणा परदेशी होता आणि सासऱ्यांनी दीड वर्ष त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दसऱ्याला मी माझ्या लॅपटॉपवर मुलगा दाखवतो, असं मी जाहीर केलं. खुर्ची परत मिळवायची ही संधी होती. आणि रुबाब दाखवायला आदल्याच दिवशी मी नवीन विंडोज टाकलं.

सासरे नवी टोपी घालून पडद्यासमोर बसले. मुलगा दिसला, "आबा" म्हणाला आणि तिथेच थिजला. पुन्हा जोडलं, पुन्हा गेलं. असं पाच वेळा झालं. सासरे थिजलेल्या चेहऱ्यावरून हात फिरवत होते आणि मी टेलिफोन खात्याला शिव्या देत होतो.

"सर, लॅपटॉप घेऊन आत या जरा," साडू हळूच म्हणाले. स्वयंपाकघरात त्यांनी हात धुतले, सोबत आणलेला डबा उघडला आणि एक सीडी काढली. तिच्यावर माझं नाव होतं.

"गणपतीत तुमी जेवून आडवं झाला व्हता, तवा उतरवून घेतलं. तुमी नवं टाकल्याबिगर ऱ्हाणार न्हाई, म्हाईत व्हतं."

जुना ड्रायव्हर परत बसला. बॅटरी वाचवायला वायफाय मधेच बंद करण्याची सेटिंगमध्ये खूण होती, तीही त्यांनी काढली. "याला डुलकी घ्यायची परवानगी दिलीवती," म्हणाले. बाहेर येऊन पुन्हा जोडलं, तर बापलेक तासभर बोलले.

"कुणी केलं रं?" सासऱ्यांनी डोळे पुसत विचारलं.

"सरांनी," साडू म्हणाले.

"आमचं थोरलं पावणं लई हुशार!" आणि सासऱ्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो. तोंडातून खरं निघालं नाही, आणि सतरंजीवर पापड मोडत बसलेल्या त्या माणसाचा जेवढा हेवा मला त्या दिवशी वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.

आता सासरे नाहीत. वायफायही आता कुणाचं रुसत नाही, त्यामुळे तो डबा कुणी उघडायला लावत नाही. साडू थकलेत. कधी जुन्नरला आले की दारातूनच विचारतात, "नेट येतंय न्हवं नीट?"

माझं नेट उत्तम चालतं. तरी मी सांगतो, "कुठलं हो, मधेमधे जातं."

त्यांचा चेहरा उजळतो. मी साबण देतो, आणि ते हात धुवून येईपर्यंत आळ्याहून आणलेली हातांची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढून ठेवतो.