बघू, कागद बघू

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरला बुटांच्या दुकानात त्याचंच काम करत होतो. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिकाच्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, त्या गोळा करत. बूट न घेणारं गिऱ्हाईक म्हणून दुकानदार मला ओळखून होता. खिसे पुड्यांनी फुगलेले आणि फोनवर मामीची शेजारीण... महिना झाला त्याला.

मामा राजूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. मामीला शुगर, रोज इन्सुलिन. उन्हाळ्यात दुपारभर लाईट नाही, फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. मामाने मेणासारखं एक रसायन आणलं. रात्रीच्या गारव्यात ते गोठायचं, दुपारी वितळताना इन्सुलिनच्या डब्यातली उष्णता पिऊन टाकायचं. पण वितळलं की गळायचं. म्हणून सिलिकाच्या दाण्यांना जी डोळ्याला न दिसणारी भोकं असतात, त्यांत ते मुरवायचं. मग वितळलं तरी तिथंच अडकून राहतं. डोकं झकास, माणूस वैताग. कारण हा हावरट दरवेळी जास्तच भरायचा. मामीच्या दोन साड्या, कुकर, माझा मुलाखतीचा शर्ट, सगळ्यांना मेण लागलं. दाण्यांची पुरचुंडी रात्री खिडकीत, सकाळी डब्यात, खाली कोरा कागद. संध्याकाळी नाकातून हुकूम यायचा, "बघू, कागद बघू." डाग दिसला की पुन्हा पहिल्यापासून.

मामाची ही नक्कल मी लग्नांत करायचो. लोक लोळायचे, आणि हा मलाच सुधारायचा, "नाकातनं कमी, पोटातनं काढ."

शेवटी एक पुरचुंडी जमली. मी म्हटलं, मामा, मेण किती, दाणे किती, लिहून ठेव. तर म्हणे, "लिवायचं काय त्यात? हाताला कळतंय." घ्या आता. हात घेऊन गेला की हा!

त्याची ती एकुलती पुरचुंडी आता उसवायला आलीये आणि ऊन तर तापत चाललंय. म्हणून खिशातल्या पुड्या फोडून मी बसलो. दोन पुरचुंड्या गळल्या. परवा तिसरी लावली. संध्याकाळी मामीने डबा उचलला, पण कागदावरचा हात काही काढेना.

"म्हन की त्यांच्यावानी."

एवढ्या लग्नांत केलेली नक्कल. कशीबशी काढली.

"पोटातनं," मामी म्हणाली.

पुन्हा म्हटलं. तिने हात काढला. हरभऱ्याएवढा डाग. तिने कागदाची घडी घातली, मामाच्या डागाळलेल्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि नवा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

"उद्या जरा कमी भर. हावरट हायस, त्यांच्यासारकाच."