डाळजच्या पांढरीतली दोन मडकी

शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून इंग्लंडच्या एका राजाच्या सहाही बायका क्रमाने पाठ करून घेतल्या होत्या. अजून येतात. पण पुण्यापासून अडीच तासांवर, भीमेच्या काठी, तीन हजार वर्षांपूर्वी माणसं घरं बांधून राहत होती, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. तेही एका संग्रहालयात खापरं पुसायला जाऊ लागले म्हणून. हा राग काही केल्या जात नाही.

मार्चमध्ये सुमनचा फोन आला. सुमन माझी ऑफिसातली मैत्रीण, माहेर डाळजचं.

"मंगलवहिनीच्या रानात मडकी निघालीत. आत बारकी हाडं आहेत. गावात करणी म्हणतायत. कांदा काढणीला आलाय आणि टोळीतली एकही बाई फिरकत नाही. तू खापरांतली ना? मग चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी स्वारगेटहून सोलापूरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीही मिळाली. भिगवणला उतरून तळलेली चिलापी आणि भाकरी खाल्ली. जाणार असाल तर बाराच्या आत पोचा. नंतर रोहित पक्षी बघून आलेले, हातभर लेन्सवाले लोक सगळी टेबलं अडवतात आणि मासा थंड झाला तरी त्याचे फोटो काढत बसतात. तिथून रिक्षाने डाळज.

"जय भीम, वन्सं," म्हणत मंगल सामोरी आली आणि चहाही न देता आम्हाला थेट रानात घेऊन गेली. कांद्याच्या वाफ्यांपलीकडे, उजनीच्या पाण्याच्या बाजूला एक उंचवटा आहे. त्याला पांढर म्हणतात. जुन्या वस्तीची राखेसारखी माती. धाब्याच्या घरांच्या छतांवर टाकायला लोक पिढ्यान् पिढ्या हीच माती नेत आले. म्हणजे अर्धं प्राचीन गाव आजच्या गावाच्या डोक्यावर होतं आणि कोणाला पत्ता नव्हता.

मंगलने साडीचा तुकडा बाजूला केला. दोन राखाडी मडकी, आडवी, तोंडाला तोंड लावलेली. एकाचा काठ कुदळीने फुटलेला.

"परत हात न्हाय लावला," ती म्हणाली. "उघडं पडलं, थंडी वाजंल म्हणून झाकलं." आणि स्वतःच लाजून हसली.

संग्रहालयात अशी जोडी मी काचेआड पाहिली होती. इथे मी मातीतच बसले.

तेवढ्यात बांधावर हौसाबाई येऊन उभ्या राहिल्या. टोळीच्या मुकादम. त्या येतील तर सगळ्या येतील. सत्तरी पार केलेली बाई, पाठीचा कणा माझ्यापेक्षा ताठ.

"तुमी मांत्रिक हाय का?"

"नाही. पेन्शनर."

"मग काय उपेग?"

मी सांगितलं. ही करणी नाही. हे तान्हं मूल आहे. त्या काळी लोक गेलेलं लेकरू असं दोन मडक्यांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायचे. इथे कोणाचं तरी घर होतं.

"घरात? चुलीच्या कडंला?"

"हो. का ते कोणाला नक्की माहीत नाही."

हौसाबाई बांधावर बसल्या. मग म्हणाल्या, "कसं माहीत न्हाय? आमी मेंढरामागं फिरायचो. माझं पयलं वाटंतच गेलं, वाटंलाच पुरलं. कळप कुठं थांबतोय? फुडल्या साली त्याच वाटनं आलो, तर जागाच घावली न्हाय." त्यांनी मडक्यांकडे पाहिलं. "ह्या आईचं बरं. रोज संगं ऱ्हायलं."

सुमनने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी साडीचा तुकडा पुन्हा मडक्यांवर पांघरला.

उठताना हौसाबाई मंगलला म्हणाल्या, "सकाळी सातला येतो आमी. पर ह्या कोपऱ्यात कुदळ न्हाय चालायची."

"न्हाय चालायची, आत्या."

सकाळी चौदा बायका आल्या. मीही विळा घेऊन बसले. "पुण्याच्या बाई, कांदा कापताय का पेन्शिल तासताय?" असा उद्धार झाला, तरी दुपारच्या ठेच्यात मला वाटा मिळाला. त्या ठेच्याचं ऋण मोठं आहे.

निघताना मंगलने पुरातत्त्ववाल्यांना कळवायला होकार दिला. "लिवा पत्र. पर जमीन देत न्हाय, ते बी लिवा." (तुम्ही अशा पांढरीवर गेलात, तर खापर खिशात टाकू नका. आणि रानमालकाला विचारल्याशिवाय तर पाऊलही टाकू नका.) परतताना बारामती गाठून पुण्याची विनाथांबा गाडी पकडली. वाटेत आम्ही दोघी नेहमीसारख्या भांडलो नाही.

घरी आल्यावर पत्र लिहायला बसले. जागा, खोली, मडक्यांचा रंग, जमिनीबद्दल मंगलचा निरोप, सगळं नीट लिहिलं. घरात पुरण्याचं कारण लिहायची वेळ आली, तेव्हा संग्रहालयातल्या सवयीने हात 'अज्ञात' लिहायला निघाला. थांबवला. तिथे हौसाबाईंचे शब्द लिहिले, त्यांच्या बोलीत, त्यांच्या नावासह. तज्ज्ञांना खोडायचे असतील तर त्यांनी खुशाल खोडावेत. पण आधी डाळजला जाऊन बाईंना विचारावं.