तिचं मागचं सांगू नका

आमच्या घराचे नियम थोडे होते, पण ते कुणी मोडत नसे. पुढचं दार दिवसा लावायचं नाही. आलेल्याला आधी पाणी, मग भाकरी. आणि आलेल्याला गाव, आडनाव, घराणं विचारायचं नाही.

श्रीगोंद्यात साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत छपाईचं ट्रेडल मशीन, मागच्या खोलीत चूल. अप्पा लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि पत्रकं छापून जगायचे. शिशाचे अक्षरखिळे ते जुळवायचे, मशीन आई चालवायची, प्रुफं मी तपासायची. मी वाचायला शिकले ती वाया गेलेल्या पत्रकांवर. सभेला आलेले, संपावर गेलेले, घरच्यांविरुद्ध लग्न केलेले, कितीतरी लोक त्या दारातून आत आले, जेवले, झोपले. 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न त्यांना आमच्याकडं कधी ऐकावा लागला नाही. ज्या प्रश्नानं आमच्या पणजोबांना पाणवठ्यावरून हाकललं, तो प्रश्न आमचा उंबरा ओलांडणार नाही, असं अप्पा म्हणायचे. मला ते पटायचं. आजही पटतं.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. उंदरांनी एका पुस्तिकेचे छापून ठेवलेले गठ्ठे कुरतडले. अप्पा कागद आणायला नगरला गेले आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परतले ते एका खांद्यावर कागद आणि हातात झाकणाची टोपली घेऊन. टोपलीत मांजर होती. उंदरांवर मांजर हवी म्हणून कागदवाल्यानं त्यांना एका पांजरपोळाचा पत्ता दिला होता. तिथं सगळी गुरं, आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांच्या खुराड्यात ही एकटी. तिथले मुनीम तिची माहिती सांगायला लागले, तर अप्पांनी हात वर केला.

"मी म्हणलं, तिचं मागचं सांगू नका. आमच्या घरात आलं की जो तो नवा."

आम्हाला त्यांचा अभिमान वाटला.

मांजर पांढरीशुभ्र होती. केस बोटभर लांब, नाक चपटं, डोळे निळे. गावात असलं मांजर कुणी पाहिलं नव्हतं. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या चाची मुद्दाम रस्ता ओलांडून आल्या.

"भाभी, ही कुठल्या जातीची? लई म्हागाची दिसती."

"मांजराच्या जातीची," अप्पा खिळ्यांवरची नजर न काढता म्हणाले.

"तेवढं मला बी दिसतं, भाईजान!" चाची म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून तिला मेमसाब म्हणायला लागल्या.

मेमसाबनं उंदराकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पण तिचे बाकीचे गुण आम्हाला फार आवडले. हाक मारली तर ती येत नसे. अप्पा म्हणायचे, "हिला हुकूम कळत न्हाई. शिका काहीतरी." सकाळी ती छपरापर्यंत घुमेल असा आवाज काढायची, साध्या मांजराच्या दुप्पट. अप्पा म्हणायचे, "घोषणा देती." दिवाळीत दारासमोर लवंगी माळांचा धुरळा उडाला, गल्लीतली कुत्री गटारात जाऊन लपली, आणि ही उंबऱ्यावर पाय चाटत बसली. अप्पांनी आलेल्या प्रत्येकाला ते सांगितलं. आमच्या घरात निर्भय माणसाला फार मान होता. मांजरालाही तोच मिळाला.

दिवाळीनंतर कारखान्याचा बॉयलर पेटला आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या. एकेका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर टेपवर मोठ्यानं गाणी, आणि उतारावर ब्रेक लावायची कुणाची तयारी नाही. आमचं घर नेमकं उताराच्या पायथ्याशी. मांजरीला डांबरावरचं कोवळं ऊन आवडू लागलं. ती रस्त्याच्या मधोमध जाऊन बसायची. ट्रॅक्टरवाला हॉर्न दाबून दाबून दमायचा, शेवटी खाली उतरायचा, शिव्या घालायचा. ती त्याची सावली अंगावर आली की उठायची.

"भाईजान, तुमच्या मेमसाबचा रास्ता रोको चाललाय," चाची ओरडायच्या. "मागण्या काय हाईत तेवढं छापून द्या."

अप्पा हसायचे. मीही हसायचे, पण हॉर्न वाजला की प्रुफ बाजूला ठेवून रस्त्याकडं बघायचे.

आई हसत नव्हती. आईला दोनदा ओरबाडून झालं होतं. मांजर पाठमोरी बसलेली असताना आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर ती उडी मारून अंगावर आली. मनगटापासून कोपरापर्यंत तीन रेघा उठल्या. आणि आपण समोरून गेलो तर तीच मांजर मांडीवर येऊन बसायची. हे आईला काही केल्या समजेना.

एका सकाळी मशीन थांबवून आईनं रॉकेलचा रिकामा डबा उचलला, मांजरीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि फरशी हादरू नये म्हणून डबा शेजारच्या मातीवर ठेवला. मग त्यावर पळीनं जोरात ठोकलं. मी दचकले. अप्पांच्या हातातले खिळे सांडले. मांजरीचा कानसुद्धा हलला नाही.

"हिला ऐकू येत न्हाई," आई म्हणाली.

"ती भीत न्हाई."

"भीत न्हाई का ऐकत न्हाई? ट्रॉलीच्या चाकाला बी भीत न्हाई म्हणायचं का मग?"

"मग काय बांधून ठेवू तिला? दार लावू?" अप्पांचा आवाज चढला. "या घरात आजवर कुणाला बांधलं न्हाई."

"बांधू नका. नगरला माघारी द्या. माझ्या दारात ती चाकाखाली गेलेली मला बघायची न्हाई."

अप्पा वाकून एकेक खिळा वेचत राहिले. मी त्यांच्याकडं बघत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, अप्पांना हे कळलंय, पण ते मानायला तयार नाहीत. कारण मानलं की दार लावावं लागणार.

दुसऱ्या दिवशी कागद आणायचा होता. मी म्हटलं, मी जाते. माघारी घेतात का तेही विचारून येते, असं आईला हळूच सांगितलं. तिचं मागचंही विचारणार होते, ते अप्पांना सांगितलं नाही. मी जे विचारायला निघाले होते ते विचारायचं नाही, असाच तर घरचा नियम होता.

पांजरपोळातले मुनीम उंच आवाजाचे गृहस्थ होते. गुरांच्या कडब्याचा भाव करत होते. मी मांजरीचं नाव काढताच म्हणाले, "त्या पत्रकवाल्यांची मुलगी का तू? माघारी आणली असशील तर सांगतो, ठेवणार नाही. इथं खुराड्यात तिनं खाणंच सोडलं होतं. आणखी आठवडाभर राहिली असती तर गेली असती."

"आणली नाही. तिचं मागचं सांगा," मी म्हणाले. ते शब्द तोंडातून काढताना मला चोरी केल्यासारखं वाटलं.

त्यांनी सांगितलं ते फार नव्हतं. कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, लांब, जिथं मांजर नेता येत नव्हती. त्यांच्या बाई रडत टोपली घेऊन आल्या. लांब केसाची, जन्मापासून घरातच वाढलेली, मातीला पाय न लागलेली मांजर. उंदीर तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि जन्मतः बहिरी. असल्या पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत ते बऱ्याचदा असतं, असं त्या बाईंना गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागून हात लावू नका, घाबरून ओरबाडते. बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटा, तिला पायाखाली कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार उघडं टाकू नका.

"हे सगळं मी तुझ्या वडलांना सांगणार होतो," मुनीम म्हणाले. "त्यांनी मलाच भाषण दिलं."

एस.टी. श्रीगोंद्याजवळ आली आणि ट्रॉल्यांच्या मागं अडकली. मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. मनात एकच चाललेलं: आमचं दार आत्ता उघडं आहे. आम्ही तिला आमच्यासारखं स्वातंत्र्य दिलं होतं, तिला कशाची गरज आहे हे न विचारता. आणि न विचारण्याला आम्ही आदर म्हणत होतो.

मी उताराच्या वरच्या टोकाला उतरले. खाली घर दिसत होतं. रस्त्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसत होता. पाठमोरा. आणि माझ्या बाजूनं एक जोडट्रॉली उताराला लागली होती.

हॉर्न वाजला. अप्पा दारात आले. त्यांच्या हातात खिळे जुळवायची पट्टी होती. "ये! ये इकडं!" ते ओरडले. ती मान वाकवून छातीचे केस चाटत राहिली. चाची दुकानातून ओरडल्या. मी कागद टाकला आणि पळत सुटले.

"अप्पा, तिला ऐकू येत नाही! खरंच येत नाही!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग ट्रॉलीकडं. पट्टी हातातून पडली, खिळे रस्त्यावर सांडले. अप्पा धावले आणि त्यांनी तिला मागून उचललं. तिनं वळून त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याखाली दात रुतवले. त्यांनी सोडलं नाही. ट्रॉलीतली उसाची टोकं त्यांच्या सदऱ्याला घासून गेली. ड्रायव्हर दिसेनासा होईपर्यंत शिव्या देत होता, आणि त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

आई जखमेत हळद दाबून भरत होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. मांजर मशीनखाली गेली होती, तिचे डोळे तेवढे दिसत होते. अप्पा म्हणाले, "बोल. कुठली होती ती?"

आमच्या घरात हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला. मी सगळं सांगितलं.

"डबा वाजवला तवाच म्हणलं हुतं," आई म्हणाली.

"व्हय," अप्पा म्हणाले.

हात बरा होईपर्यंत खिळे मी जुळवले. अप्पांनी डाव्या हातानं, जुन्या लाकडी पेटीच्या फळ्या ठोकून उंबऱ्यावर छातीभर उंचीचं अर्धं दार बसवलं. ठोकताना त्यांचा चेहरा असा होता, जणू स्वतःविरुद्धच पत्रक छापताहेत. चाची म्हणाल्या, "भाईजान, तुमच्या दाराला दार आलं!" अप्पांनी त्यांना सांगितलं, "येताना पाय आपटून या. तिला कळतं." तेव्हापासून आमच्याकडं येणारा प्रत्येकजण उंबऱ्याशी पाय आपटायचा, मग अर्धं दार ढकलून आत यायचा. उंदरांपासून कागद वाचवायला आम्ही पत्र्याची पेटी घेतली.

त्याच हंगामात एका दुपारी एक मुलगा आणि एक मुलगी आले. धुळीनं माखलेले, हातात एकच पिशवी. आईनं पाणी दिलं. अप्पांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. पण ते समोर बसले आणि अवघडल्यासारखे, शब्द शोधत म्हणाले,

"तुमी कुठले ते नका सांगू. पण तुमाला काय सोसत न्हाई, कशाची भीती हाय, ते सांगा. आमाला न विचारता कळत न्हाई."

मुलीनं मुलाकडं पाहिलं. मग रस्त्याकडं, जिथून ट्रॉल्यांबरोबर कुणीही येऊ शकत होतं.

"दार लावता का?" ती म्हणाली. "पुरतं."

अप्पा उठले. त्या घरात दिवसाढवळ्या पहिल्यांदा दाराची कडी सरकली. खोलीत अंधार झाला. खिळ्यांच्या पेटीवर बसलेल्या मांजरीनं डोळे मिचकावले आणि मुलगी हातातली पिशवी खाली ठेवेपर्यंत आमच्यापैकी कुणी मशीन सुरू केलं नाही.