नॉरिस फिअरनची साक्ष

नॉरिस फिअरन मैदानावर जितका आडदांड, तितकाच घरात भित्रा. मार्श एंड क्लबकडून तो रग्बी लीग खेळायला लागला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि आता टक्कल पडायला आलं तरी गडी खेळतच होता. नाक फुटलं, बरगड्या मोडल्या, पण घरी बायकोला एकच उत्तर : "काही नाही गं हेझल, खरचटलंय." आठवडाभर तो वर्किंग्टन गावातल्या घरांवर चढून छपरांना स्लेट दगडाची कौलं ठोकायचा. समुद्रावरून वारा असा येतो की शिडी घट्ट धरली नाही तर माणूस थेट खालच्या अंगणात. हात हेच त्याचं पोट.

आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं सुन्न पडली होती.

हिलसाइडविरुद्धच्या सामन्यात रोरी स्टॅम्पर नावाच्या पोराने त्याला कमरेत धरून उचललं, उलटं केलं आणि डोक्यावर आपटलं. असली पकड या खेळात गुन्हाच. पंचांनी रोरीला तिथल्या तिथे बाहेर काढलं. इस्पितळात डॉक्टरांनी नॉरिसच्या मानेला पट्टा बांधला, हाताचं विचारलं, तर हा शहाणा म्हणतो, "हात ठणठणीत!" खरं बोलला असता तर शिडी बंद झाली असती. हेझल शेजारीच उभी होती, तिलाही कळू दिलं नाही. आता काय म्हणावं या माणसाला!

रोरीची सुनावणी लागली. इकडे एक रीत आहे : ज्याला लागलं, त्यानेच जाऊन मारणाऱ्याच्या बाजूने चार शब्द बोलायचे. मैदानावरचं मैदानावर सोडायचं. पूर्वी नॉरिसने एकाचा जबडा मोडला होता, तर तो बिचारा तारेने बांधलेल्या दातांतून नॉरिसचंच कौतुक करून गेला होता. म्हणून हिलसाइडचे सेक्रेटरी सिरिल मटण-बटाट्याचा टेटीपॉट घेऊन दारात आले, तेव्हा ते कशाला आलेत हे सांगावं लागलं नाही.

"पोरगं गुणी आहे रे," सिरिल म्हणाले. "मोठ्या क्लबची माणसं त्याला बघून गेलीत. वर्षाची बंदी बसली की कोण विचारतंय त्याला?"

"आणि ह्याची मान मोडली असती तर?" हेझल कडाडली. "मग काय, दोन पातेली आणली असती?"



"येतो मी," नॉरिस म्हणाला.

"जा, जा! मुका पण घेऊन ये त्याचा!"

एवढं बोलूनही सुनावणीला गाडी तिनेच चालवली. मान वळत नाही म्हणून, असं नॉरिसने तिला सांगितलं होतं. खरं तर त्याला स्टिअरिंगच धरवत नव्हतं.

क्लबच्या माडीवर लीगचे तीन जुने खेळाडू टेबलामागे बसले होते. एक कान चेपलेले अध्यक्ष क्लिफर्ड यांनी पंचांचा अहवाल वाचला. समोर रोरी, बापाचा कोट घालून, पार सुकलेला. हेझल मागच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली.

"पंचांचं बरोबर आहे, पण चिखल फार होता," नॉरिस म्हणाला. "मी उडी मारली, हा घसरला. त्यात पोराचा दोष नाही."

"तुला कायमचं काही?"

"छे हो! लवकरच खेळतोय."

तिघांचे चेहरे सैल झाले. त्यांनाही हेच ऐकायचं होतं.  आपण पोराला वाचवतोय की स्वतःला, हे मात्र नॉरिसला कळेना.

"तीन सामने बाहेर," क्लिफर्ड म्हणाले. "आता हात मिळवा, म्हणजे मिटलं."

झालं! निकाल लागला की दोघांनी सगळ्यांसमोर हात मिळवायचा, हे नॉरिसने आयुष्यभर पाहिलेलं. खोटं रचण्याच्या नादात नेमकं तेच विसरला. डावा पुढे करावा तर बोभाटा. त्याने उजवा दिला.

रोरीने हात दाबला, घरी शिकवलं होतं तसा, करकचून. समोरून मात्र दाब आलाच नाही. पोराने मान खाली घालून त्या हाताकडे पाहिलं.

"सोड," नॉरिस पुटपुटला.

रोरीने सोडला नाही. "साहेब, यांचा हात... धरतच नाहीये."

"काहीतरी बडबडतंय पोरगं!"

"मी घसरलो नव्हतो." रोरी भडाभडा बोलून गेला. "यांनी आधी मला पाडलं, लोक हसले, माझं डोकं फिरलं. मी मुद्दाम उचललं यांना."

सिरिलनी कपाळावर हात मारला. क्लिफर्डनी चष्मा काढला आणि वर्षाची बंदी सांगितली.

"अरे गाढवा, सुटला होतास की!" नॉरिस ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याला भयंकर राग आला होता, कुणाचा ते सांगता आलं नसतं.

"ह्या हाताने छपरावर चढता ना तुम्ही?" रोरी एवढंच म्हणाला.

हेझल मागून उठून आली. तिने रोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याचा हात त्याच्या हातातून काढून घेतला आणि एकेक बोट चिमटीत धरून दाबू लागली.

"हे कळतंय?"

नॉरिसने हात मागे ओढायला बघितला.

"नॉरिस, मी विचारतेय. हे?"

"नाही," तो म्हणाला.

"आणि हे?"

"नाही गं, हेझल. तेही नाही."